कोरडी अंथरुणे

फिनाईलचा वास आधी घशाला लागतो, मग नाकाला. त्यात गोडवा नसतो, कडवटपणाही धड नसतो. असतो फक्त एक कोरडेपणा, वाटेत भेटलेले सगळे पाणी पिऊन वर आपणच तहानलेला राहिल्यासारखा. गेल्या आठवड्यात द्वारकाआत्याच्या शोकसभेसाठी वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वृद्ध-सदनात गेले, तेव्हा तो वास फाटकातच पुन्हा भेटला. आत भिंतीशी आत्याचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, समोर सतरंजीवर गावातली प्रतिष्ठित मंडळी, आणि मेजावर वक्त्यांसाठी झाकून ठेवलेले पाण्याचे पेले. सदनाचे चिटणीस, कोर्टातून निवृत्त झालेले नाझरसाहेब, गळा दाटून आल्याचा आवाज काढून म्हणाले, "द्वारकाबाई आमच्या होत्या. शेवटपर्यंत आमच्याच राहिल्या." आत्या गेली पौषातल्या एका सकाळी, माझ्या घरात, माझ्या हातचे दोन घोट घेऊन. वैशाखातच ती सदनाच्या फाटकाबाहेर पडली होती आणि पुन्हा त्या फाटकाकडे तिने मान वळवूनही पाहिले नव्हते. हे सतरंजीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. एकाही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. खोटे ऐकून घेण्याचा एवढा रियाज मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

मलाही चार शब्द बोलण्याचा आग्रह झाला. मी बोलले नाही. त्या वासात शब्द वाळतात. ते इथे लिहिते आहे.

द्वारकाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आतोबा इथल्या, बालाघाटच्या, कोर्टात शिरस्तेदार होते, आणि कोर्टामागच्या गल्लीत त्यांचे बैठे कौलारू घर होते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत छोट्या लाईनच्या गाडीतून उतरून मी त्या घरी यायची, तेव्हा डोळ्यांत कोळशाची कुसळे आणि जिभेवर धूळ असायची. आत्या कधी "आलीस का" म्हणायची नाही. ती सरळ माठाकडे जायची. वाळ्याच्या मुळ्यांचा ओला, मातकट, जरासा झोपाळू वास, मग तांब्या बुडतानाचा तो खोल आवाज... एखादे जड पान विहिरीत पडावे तसा. गुळाचा खडा आणि पाणी हातात पडल्यावरच ती तोंड उघडायची. तिचा नेमच होता, आलेल्या माणसाला काम विचारायच्या आधी पाणी. पक्षकार असो, पोस्टमन असो, उधारी मागायला आलेला असो. हेच नाझरसाहेब तेव्हा कोर्टात नवे उमेदवार होते, आतोबांच्या हाताखाली काम शिकत होते आणि आमच्या ओट्यावर बसून तिच्या तांब्यातले पाणी गटागटा पीत होते. त्यांच्या घशाची घाटी वरखाली होताना मला अजून दिसते.

तांब्या पितळेचा होता. चिंचेने घासून घासून त्याचा रंग पिकल्या महाळुंगासारखा झाला होता, आणि त्याच्या तोंडावर फुलपात्र पालथे घातलेले असायचे. आत्या पाणी प्यायची ते नेहमी वरून. मान मागे टाकायची, हात उंच धरायची, पाण्याची सळसळती धार थेट घशात घ्यायची. ओठाला काठ म्हणून लागू द्यायचा नाही. दुसऱ्याचे उष्टे तर सोडाच, स्वतःचेही उष्टे तिला चालत नसे.

शोकसभेत तिला देवी करून टाकले, म्हणून मुद्दाम सांगते, की ती देवी नव्हती. रानातून मोळी घेऊन येणाऱ्या बाईलाही ती कामाआधी पाणी द्यायची, पण अंगणात उभे करून, ओंजळीत, वरून. तांब्याची सावलीसुद्धा तिच्या बोटांवर पडणार नाही इतक्या वरून. मी लहान होते, तरी ती उंची मला दिसत होती. आत्याला ती कधी दिसली नाही. तिच्या आयुष्यातला सगळा चांगुलपणा आणि सगळा दुष्टपणा त्या एका पितळी तांब्यातून पडला. पण पडला, एवढे खरे.

राज्ये वेगळी झाली तेव्हा तिचा मुलगा माधव पलीकडच्या राज्यात नोकरी निवडून नागपूरला गेला. आतोबा गेले. आत्या गाव सोडायला तयार नव्हती. मग एकदा विहिरीच्या थारोळ्यापाशी ती घसरून पडली; हाड मोडले नाही, पण माधवला कारण मिळाले. सदन नुकतेच निघाले होते, समितीत वकील होते, राईस मिलवाले होते, देणगीदारांच्या नावाच्या पाट्या लागल्या होत्या. "आई तिथं सुरक्षित राहील," तो म्हणाला. सुरक्षित. या शब्दाइतका गुळगुळीत दगड मराठीत दुसरा नसेल. कुणाच्याही छातीवर ठेवावा, खरचटत नाही.

मी त्या वर्षांत जबलपूरला होते. यांची बदली बालाघाटला झाली ती चैत्रात. मोहाच्या फुलांचा आंबूस-गोड वास गावभर भरला होता. सामान उतरवून झाले त्याच दिवशी, उन्हे कलल्यावर, मी आत्याला भेटायला निघाले.

सदन लखलखत होते, हे कबूल करायलाच हवे. फरशी पुसलेली, खाटा एका रेषेत, चादरींना काळजीपूर्वक पाडलेल्या घड्या. नाझरसाहेब स्वतः मला हिंडवून दाखवत होते. प्रत्येक खाटेशी थांबून ते गादीवर तळवा टेकवत. "लावा, लावा हात. संकोच नको. जबलपूरच्या मोठ्या इस्पितळात दाखवा मला असं एक अंथरूण. ठणठणीत कोरडं! समितीची मंडळी येतात ना, तीही आधी हात लावून पाहतात." मी हात लावला. अंथरूण खरेच कोरडे होते. त्याच्यावर बसलेली म्हातारी त्याहून कोरडी होती. पण तिला हात लावून पाहण्याची पद्धत समितीने घातलेली नव्हती.

आत्याने मला ओळखले. नावाने हाक मारली. तेवढ्यात सदनात काम करणारी कौतिकाबाई पाहुणीसाठी तबकात गूळ आणि पाण्याचा पेला घेऊन आली. मी शिष्टाचार म्हणून दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. आत्याची नजर पेल्याबरोबर खाली गेली. मग जे घडले ते मी पाहत राहिले. जिने जन्मात कुणाच्या उष्ट्याला बोट लावले नाही, ती माझी आत्या दोन्ही हातांनी तो पेला उचलून, ओठ काठाला चिकटवून, वासरू आईला लुचते तसे पाणी पीत होती. पेला रिकामा झाल्यावर तिने तो उलटा करून तळव्यावर झटकला आणि तळवा चाटला.

"भ्रम," नाझरसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, पण आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "वय झालं. उष्टं-खरकटं काही कळत नाही आता. माधवरावांनीही पाहिलंय. फार रडले बिचारे. म्हणाले, अशा अवस्थेत घरी कशी नेऊ, बायको सोवळ्यातली..."

बाहेर पडताना आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी जिच्या खाटेजवळून जाई, ती म्हातारी मला बसायचा आग्रह करी. मोतीबिंदूने डोळे पांढरे झालेल्या, लांजीकडच्या गोदाबाई आत्याच्या शेजारच्या खाटेवर होत्या. नुसत्या पावलांच्या चाहुलीने त्यांनी हात पसरले. "कोन हाय? पाहुनी हाय का वो? बस ना बाई. माह्याजवळ बस. माह्याकडंची पाहुनी हो." नाझरसाहेब कौतुकाने हसले. "पाहा! आमच्या म्हाताऱ्यांना माणसांची किती ओढ! अनोळखी माणूस असो, सोडत नाहीत."

मी पुढच्या दोन-तीन संध्याकाळी गेले. तोच पेला, तेच दोन्ही हात, तेच लुचणे. मी आत्याच्या ओठांकडे पाहू लागले. त्यांवर पांढरी पापुद्र्यांची साय धरली होती, आणि बोलताना तिची जीभ टाळूला चिकटून सुटे तेव्हा वाळक्या शेंगेसारखा बारीक आवाज होई. कवितेत मी तहान अनेकदा लिहिली होती. तिला आवाज असतो हे मला माहीत नव्हते.

"आत्या," मी एकदा विचारले, "तुला तहान लागलीय का?"

तिने आधी दाराकडे पाहिले. "चहानंतर देत नाहीत गं. सकाळी देतात."

"आणि हे?"

"हे तुझं. तू पाहुणी. पाहुणीला देतात." मग खाली मान घालून म्हणाली, "मला कळतं गं उष्टं काय ते. सगळं कळतं."

त्या क्षणी सदनातली सगळी माणसांची ओढ मला एकदम कळली. पसरलेले हात, बस ना बाई, माझ्याजवळ बस. त्या बायका पाहुण्यांची वाट पाहत नव्हत्या. पाहुणा टेकला की पेला येतो, आणि सभ्य पाहुणा दोन घोट घेऊन बाकीचे ठेवतो, हा हिशेब त्यांच्या वाळल्या ओठांनी केव्हाच मांडलेला होता. आणि गावातल्या शहाण्यांनी काय पाहिले? सोवळ्यातली बाई उष्टे पिते, म्हणजे ती वेडी. तिला तहान लागली असेल, ही शंका इतक्या शिकलेल्या, इतक्या सोवळ्या, इतक्या धर्मशील डोक्यांत एकदाही शिरली नाही. उष्ट्याचा विटाळ त्यांना दिसला. पाणी दिसले नाही. अशी चूक करायला पिढ्यान्‌पिढ्यांचे संस्कार लागतात.

मी उठून कौतिकाबाईला गाठले. ती मागच्या अंगणात दोरीवरच्या गोधड्या काढत होती.

"सांजचं पानी बंद, हौ," ती सरळ म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. "मंग गोधड्या कोन धुईन बाई? तुमी येता का धुवाले? थंडीत एकटीनं समद्या धुतल्या मी, हात फाटले माहे. दुसरी बाई ठेवा म्हनलं तं समिती म्हने, पाहू. मंग सायबानं नेम काढला. आता कसं, समदं सुकं."

"आणि पाहुण्यांना पाणी?"

"पाहुन्याले नाही देलं तं सदनाचं नाक जाते म्हने." तिने गोधडी झटकली. मग माझ्याकडे वळली. "तुमच्या आत्याले मी वळखतो. माही माय मोळी घेऊन जाये तिच्याकडं. हात उंच धरून पानी वते ते, वरतून. लय राग ये मले. आता आमी बुद्धाचे झालो, आता कोनाच्या वतल्याले ओंजळ नाही धरत. पन वतलं बाई तिनं. सुकी ओंजळ नाही धाडली कधी."

"मग तू तरी का नाही देत तिला?"

"तुमी ठेवता का मले कामावर?" ती म्हणाली, आणि गोधड्या उचलून आत गेली.

नाझरसाहेबांनी तर हात धुवून टाकावे तशा सहजतेने सगळे कबूल केले. "मागं एक बाई अंधारात उठली, पडली, खुबा मोडला. समितीत केवढा गहजब! म्हणून हा उपाय. पाणी नाही तर उठणं नाही. उठणं नाही तर पडणं नाही. तर्क साधा आहे, ताई."

"आणि पिणं नाही तर जगणं नाही."

"सकाळी देतोच की!" ते दुखावल्या स्वरात म्हणाले. हे सांगताना त्यांच्या मेजावर एक पितळी भांडे होते, त्यात कागदाची लाल-पिवळी फुले खोचलेली होती. मला ते भांडे ओळखायला एक श्वास पुरला. आत्या आली तेव्हा तिचा तांब्या काढून घेतला होता. प्रत्येकीने आपापले भांडे ठेवले तर एकसारखेपणा राहत नाही, म्हणे.

समितीचे अध्यक्ष वकील होते. मी त्यांच्या बैठकीत गेले, तेव्हा वाळ्याचे पडदे सोडलेले होते आणि एक गडी त्यांवर पाणी शिंपडत होता. त्यांनी मन लावून ऐकले. निदान ऐकताना मन लावण्याचा जो चेहरा वकिलीत कमवावा लागतो, तो त्यांनी लावला. मग विचारले, "अंथरुणं कोरडी असतात ना पण?"

"असतात."

"आपण कविता करता असं ऐकतो."

"करते."

"तरीच," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी सरबत मागवले. मी ते घेतले नाही. पडद्यांवरून ठिबकणाऱ्या थेंबांचा आवाज माझ्या मागोमाग रस्त्यापर्यंत आला. त्या घरात पडद्यांना पाणी मिळत होते.

आत्याला घरी नेण्याचे मी ठरवले, तर नाझरसाहेब म्हणाले, मुलाच्या संमतीखेरीज नाही. माधव आला. इस्त्रीचा सदरा, कपाळावर काळजीची एक आडवी रेघ, तीही इस्त्री केल्यासारखी. "ताई, तुझी माया कळते मला. पण मुलगा असताना आई भाचीच्या घरी राहिली तर लोक काय म्हणतील?" तो खाटेशी स्टुलावर बसला. कौतिकाबाईने पाहुण्याचे पाणी आणले. माधवने पेला घेतला आणि बोलता बोलता, उन्हातून आलेला माणूस पितो तसा, तळापर्यंत पिऊन टाकला. "आई, सांग ना. इथं तुला काय कमी आहे?"

आत्या त्याच्या हाताकडे पाहत होती. "माधव," ती म्हणाली, "संपवलास का रे सगळा? मी त्याच्यासाठी थांबले होते."

मला वाटले होते, हा आता तरी समजेल. त्याने माझ्याकडे पाहून डोळे पुसले आणि पुटपुटला, "पाहिलंस? भ्रम." माझ्या या आतेभावाने दोन विषयांत पदव्या मिळवल्या आहेत. त्या मी त्याच्या घरी चौकटीत लावलेल्या पाहिल्या आहेत, काचेखाली, धूळ बसू नये म्हणून.

शेवटी निकाल आत्यानेच लावला. ती उठली. खाटेच्या कडेला धरून, मग भिंतीला धरून, ती सरळ नाझरसाहेबांच्या खोलीत गेली, आणि आम्ही सगळे तिच्या मागे. तिने मेजावरचा तांब्या उचलला, उलटा केला. कागदाची फुले नाझरसाहेबांच्या मांडीवर पडली. ती आत पाहत राहिली. मग त्यांना म्हणाली, "नारायण, तू यातलं पाणी प्यायला होतास रे. तुझ्या घशाला किती घाई असायची." नाझरसाहेबांना या गावात कुणी नावाने हाक मारत नाही. ते मांडीवरची कागदाची फुले गोळा करू लागले. माधवला कचेरीत हजर व्हायचे होते. "मग तुझ्या जबाबदारीवर ने," तो म्हणाला. जबाबदारी हा शब्द त्याने असा पुढे केला, जणू सोवळ्यातून ओवळे भांडे सरकवतो आहे.

रिक्षात आत्याने तांब्या मांडीवर घट्ट धरला होता. सदनाच्या पडवीतून गोदाबाईंचा आवाज येत होता, "कोन गेलं वो? पाहुने गेले का?" आत्याने तेव्हा कान झाकून घेतले.

घरी आल्यावर पहिले काही दिवस तांब्या भरून उशाशी ठेवला की ती लगेच पिऊन टाकी आणि धास्तावून पुन्हा मागे. मग तिला पटले, की तो भरलेलाच असतो. त्यानंतर ती फारसे पाणी पीतही नसे. संध्याकाळी दिवा लागला, की फुलपात्र उचलून तर्जनी आत सोडायची, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत पाणी लागले की फुलपात्र पालथे घालायची, आणि मग तिची रात्र निर्धास्त होई. गादी कधी भिजे. आम्ही ती उन्हात टाकत होतो. ऊन या जिल्ह्यात कमी नाही. आणि ज्या भ्रमाचा एवढा डांगोरा पिटला गेला, तो महिनाभरात निघून गेला. आत्या पुन्हा मान मागे टाकून वरून पाणी पिऊ लागली. मला तिच्या सोवळ्याचा राग होता, अजून आहे. तरी त्या पहिल्या वरच्या धारेचा आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मी गप्प बसले नाही. जिल्ह्याच्या एका मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब सज्जन निघाले. ते लगेच सदनाला भेट द्यायला गेले. तिथे त्यांनी पाहुण्यांचे गूळपाणी घेतले, अंथरुणावर तळवा टेकवला, आणि व्यवस्था उत्तम असल्याचा अभिप्राय देऊन मोटारीत बसले. समितीने मात्र माझ्या तक्रारीची दखल घेतली, असे कुणी म्हणू नये म्हणून सांगते, की घेतली. पाहुण्यांच्या पेल्यामुळे वृद्धांमध्ये गोंधळ माजतो, सबब पाहुण्यांना पाणी यापुढे कार्यालयातच द्यावे, आत पेला नेऊ नये, असे ठरले. मला सदनात येण्याची मनाई झाली. बाजारात कौतिकाबाई भेटली तेव्हा तिने हे सांगितले. भाजीवर डोळे ठेवून म्हणाली, "पह्यले घोटभर तरी भेटे त्याइले. आता तेही बंद." मग कुणाकडे न पाहता, "मी सकाळी पहाटंच माठ उघडतो, सायेब उठाच्या आंधी. तेवढंच." ज्या समितीच्या पाट्यांवर पदव्या मावत नाहीत, तिने एका साध्या पेल्याची दया सुधारणा म्हणून रद्द केली होती.

आत्याला मी हे सांगितले नव्हते. तिनेच एकदा बोट तांब्यात ठेवून विचारले, "गोदाला देतं का गं कुणी?" मी म्हटले, देतात. तिने माझ्याकडे पाहिले नाही. "तू कविता बरी करतेस," म्हणाली, "खोटं नीट बोलता येत नाही तुला." शेवटच्या सकाळी तिने दोन घोट घेतले, तिसरा नको म्हणून हात हलवला, आणि तांब्याकडे बोट करून काहीतरी सांगायला ओठ हलवले. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. ते ओले होते.

आणि आता शोकसभा. भाषणे आटोपल्यावर नाझरसाहेब माझ्याकडे आले. आदल्याच दिवशी त्यांचा निरोप आला होता, की द्वारकाबाईंचा तांब्या सदनाला भेट द्यावा; दिवंगतांच्या वस्तूंसाठी कार्यालयात काचेचे कपाट केले आहे, त्यात कुणाचा चष्मा, कुणाची काठी, नावाच्या चिठ्ठ्या लावून मांडलेली आहे. तांब्या मधल्या फळीवर शोभेल. "आणलात ना?" त्यांनी विचारले. मी पिशवी दाखवली. त्यांना हायसे वाटले. शोकसभेला नातलगांना मनाई करता येत नाही, ही एवढी एक रीत अजून शिल्लक आहे. ते अध्यक्षांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. मेजावरचे पेले वक्त्यांनी अर्धेअर्धेच प्यायले होते. एक इसम ते गोळा करून उरलेले पाणी अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत ओतत होता. कुंडी ओलीचिंब झाली होती.

मी मागच्या अंगणात विहिरीवर गेले. ऊन उतरले होते, सायंकाळचा चहा होऊन गेला होता. कौतिकाबाई तिथे गोधड्यांच्या घड्या घालत होती. तिने माझ्याकडे पाहिले, पिशवीतून निघालेल्या पितळेकडे पाहिले, आणि पाठ फिरवून घड्या घालत राहिली. पण जाताना बादली भरून काठावर ठेवून गेली. तांब्या बुडाला. तोच आवाज... जड पान विहिरीत पडावे तसा. पदराने तो बाहेरून पुसला नाही. थंड पितळेवरून ओघळ माझ्या मनगटावर उतरत होते, त्या अवस्थेत मी आत गेले.

खाटा एका रेषेत होत्या. आत्याच्या खाटेवर कुणी नवी म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पलीकडे गोदाबाई बसल्या होत्या, पूर्वीपेक्षा निम्म्या झालेल्या. माझ्या पावलांची चाहूल लागली, पण या वेळी त्यांनी हात पसरले नाहीत. पाहुण्याबरोबर आता काही येत नाही, हे त्यांनी शिकून घेतले होते.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "गोदाबाई, द्वारकाआत्याचा तांब्या आणलाय."

त्यांनी आपले ते पांढरे डोळे माझ्या आवाजाकडे वळवले. ओठ हलले, जीभ टाळूला चिकटून सुटली, वाळक्या शेंगेसारखी, आणि त्या म्हणाल्या,

"भरलेला?"